गुप्तदान

आमच्या आणि शेजाऱ्यांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी एक विटांची भिंत आहे. भिंत उंच असली म्हणजे पलीकडचे काही दिसत नाही आणि मनाला त्याचा तापही होत नाही. मुळीच नसली, तर दोन्ही घरे एकच होऊन जातात. कमरेएवढी भिंत मात्र मोठी अडचणीची. तिच्यावरून नजर सहज जाते, पाय जात नाही. या अडचणीने गेल्या वर्षभरात मला एक धडा दिला. तो सांगताना माझी अब्रू थोडी कमी होणार आहे. पण दिवाळी आली की आपण घरातली जळमटे काढतोच. त्यांबरोबर मनातलेही एखादे निघाले तर बरे.

आमचे गाव भुसावळ. शेजारी रेल्वेत पाळीच्या नोकरीवर आहेत. माणूस सरळ आणि हाकेला धावणारा. माझ्या आईला मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा पायांत चपला न घालता धावत आले ते हेच. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढची हकीकत वाचून वाचकांच्या मनात त्यांच्याविषयी राग उत्पन्न होण्याचा संभव आहे. तसा तो माझ्याही मनात झाला होता.

गेल्या भाऊबीजेला वहिनींचे भाऊ आले, ते नऊ वर्षांच्या भाचीसाठी दोन पांढरे ससे घेऊन. पिंजलेल्या कापसासारखे अंग आणि गुंजेसारखे लाल डोळे. आळीतली सारी मुले त्या जाळीच्या पिंजऱ्याभोवती जमली. कुणी गाजर दिले, कुणी पोळीचा तुकडा, कुणी चक्क शंकरपाळा. शंकरपाळा देणारा मीच होतो. सशाचे खरे अन्न गवत. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात, हे मला पुष्कळ उशिरा, गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून कळले.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते इथे संक्रांतीपर्यंत लांबले. मग मुलीचे स्नेहसंमेलन आले, परीक्षा आली. पिंजरा भिंतीलगतच्या कडुलिंबाखाली होता, वर नुसता पत्रा. सकाळी सावली असे, पण दुपारी एकनंतर ऊन सरळ जाळीत शिरे. पाण्याची वाटी कधी रिकामी, कधी उपडी. खाली लेंड्यांचा थर साचलेला. आणि आमच्या गावचे ऊन म्हणजे काय, हे ज्याने एक वैशाख इकडे काढला आहे त्यालाच ठाऊक. पारा पंचेचाळिसापर्यंत सहज जातो. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो बव्हंशी त्या लांब कानांवाटे बाहेर टाकतो, आणि तिशीच्या पुढे पारा गेला की त्याचा जीव कासावीस होऊ लागतो.

कुत्रा उपाशी असला तर भुंकतो. मांजर थेट स्वयंपाकघरात येते. गाय हंबरून आळी उठवते. ससा काहीच करत नाही. रानात ज्याच्या मागे सारेच लागलेले, तो दुखणे लपवायलाच शिकलेला असतो. कण्हला तर कोल्ह्याला पत्ता लागायचा. मुक्या प्राण्यांतही ससा फार मुका.

तो मुका होता. पण आळीला तोंड होते. संध्याकाळी ओट्यावर हाच विषय. "झेपत नाही तर पाळायचं कशाला?" असे एक म्हणे. "लेकरांचे लाड, दुसरं काय!" असे दुसरा. साऱ्यांनी सारे बोलून घेतले. फक्त ज्याला सांगायचे त्याला सोडून. तो ओट्यावर आला, की आम्ही पावसापाण्याचे बोलू लागत असू. मी तर कादंबऱ्या लिहिणारा माणूस. आमच्या धंद्यात खलपुरुष स्वस्त मिळतो. तेवढ्या दिवसांत मी मनातल्या मनात शेजाऱ्यांचे एक प्रकरण लिहून काढले होते. त्यात ते निर्दय होते, वहिनी आळशी होत्या, आणि भिंतीपलीकडून पाहणारा एक सहृदय शिक्षक होता.

आळीतल्या एका तरुणाने उपाय सुचवला, की रात्री पिंजऱ्याचे दार उघडावे आणि दोघांना शिवारात सोडून द्यावे. ऐकायला उदात्त वाटले. पण आपल्या शिवारातला तपकिरी ससा आणि हा पांढरा ससा यांचे नाव तेवढे एक, जात निराळी. शिवारातल्या सशाचे पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्माला येते, आणि थोड्याच काळात पळण्याच्या तयारीला लागते. या पाळीव सशाचे पिल्लू जन्मते ते उघडे, आंधळे, आडोशातच वाढणारे. पिंजऱ्यात वाढलेल्याला शिवारात सोडले, तर सकाळपर्यंत कुत्र्यांच्या तोंडी जायचा. असल्या मुक्तीत सुटका होते ती सशाची नव्हे, आपल्या डोळ्यांची.

मी कायदाही पाहून ठेवला. १९६०च्या, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा गुन्हाच मानला आहे. त्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. आज तेवढ्यात पावशेर फरसाण यायचे नाही. १९७६च्या घटनादुरुस्तीने तर प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. पण आईसाठी अनवाणी धावलेल्या माणसावर तक्रार करायला माझा पाय उचलेना, आणि त्याच्या दारात जाऊन बोलायला जीभ उचलेना.

तेव्हा मी तिसरा मार्ग काढला. दुपारी शेजारी रात्रपाळी करून झोपलेले असत, वहिनी आत. मी बागेची नळी भिंतीवरून घालून जाळीतून वाटी भरून ठेवू लागलो. मूठभर हरळी, कधी बाजारातून आणलेला लसूणघास आत सारू लागलो. ससे नाक हलवत पुढे येत आणि पाणी पीत. त्या वेळी मला काय वाटे म्हणून सांगू! काशीहून रामेश्वराला नेण्याच्या कावडीतली गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे नाथमहाराज मला आठवत. शिवाय या हाताचे त्या हाताला कळत नव्हते. गुप्तदानाचे पुण्य अधिक, हे लहानपणापासून ऐकलेले. दुपारची झोप मला त्या दिवसांत फार छान लागे.

वैशाखात चाळीसगावला भाच्याचे लग्न निघाले. चार दिवस राहून परत आलो. सामान ओट्यावर ठेवतो न ठेवतो तोच भिंतीपलीकडे कुदळीचा आवाज ऐकू आला. शेजारी कडुलिंबाखाली खड्डा खणत होते. मुलगी पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी होते. पिंजऱ्यात एकच ससा होता.

"मास्तर, काय झालं काही कळत नाही," शेजारी म्हणाले. "पाणी तर रोज असायचं हो."

वहिनी दारातून म्हणाल्या, "मला वाटायचं, ही ठेवते."

मुलीने मान वर न करता म्हटले, "मला वाटायचं, आई ठेवते."

मी तिथे उभा राहू शकलो नाही. आत गेलो आणि उगाच माठातले पाणी प्यालो.

वाटी मी भरू लागण्यापूर्वी ती रिकामी दिसे, आणि दिवसाआड का होईना, त्या घरात कुणाला तरी आठवण होई. शेजारी कामावरून येताना पाहत, ओरडत, आणि कुणीतरी पाणी ओतत असे. मी भरू लागल्यापासून वाटी भरलेलीच दिसू लागली. बापाला वाटले, मुलगी सुधारली. मुलीला वाटले, आई करते. आईला वाटले, लेक करते. तिघेही निर्धास्त झाले. त्या घरात जी थोडीशी आठवण शिल्लक होती, ती माझ्या पाण्याने वाहून गेली. आणि मग मी चार दिवस लग्नाला गेलो.

दोन दिवस मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीपाशी जाऊन सारे सांगितले. शेजाऱ्यांनी ऐकून घेतले. ते रागावतील, अशी माझी अपेक्षा होती. बहुधा इच्छाही होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मास्तर, तुम्हांला दिसत होतं, तर बोलला का नाहीत?"

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून," मी म्हणालो.

हे अर्धेच खरे होते. त्यांना वाईट वाटण्यापेक्षा, त्यांना मी वाईट वाटेन, याचे भय मला अधिक होते. तराजूच्या एका पारड्यात दोन जिवांची तहान होती आणि दुसऱ्यात माझा त्यांच्या घरचा रविवारचा चहा. मी चहाला शेजारधर्म असे नाव दिले होते.

जनावराच्या दुःखाला मोल आहे की नाही, यावर मोठमोठ्या लोकांनी वाद घातले आहेत. बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात म्हटले, की प्राण्याला बुद्धी आहे का, वाचा आहे का, हे विचारूच नका; त्याला यातना होतात का, एवढे विचारा. आपल्याकडे तर हा प्रश्न विचारण्याची गरजच फारशी पडली नाही. आपली दिवाळी सुरू होते तीच मुळी गाय-वासराच्या पूजेने. सशाला तहान लागते, हे मला कुणी पटवून द्यायला नको होते. माझ्यापाशी दयेची वाण नव्हती. वाण होती ती दोन वाक्ये बोलण्याच्या धैर्याची. आणि ती मी दयेने भरून काढू पाहत होतो.

गुप्तदान श्रेष्ठ खरे, पण कुठे? जिथे घेणाऱ्याला संकोच वाटायचा असतो तिथे. गरिबाच्या पोराची फी परस्पर भरावी, नाव सांगू नये. तिथे दान झाकल्याने घेणाऱ्याची अब्रू झाकली जाते. माझ्या दानाने झाकले गेले ते दुसऱ्याचे विसरणे आणि माझे भित्रेपण. नाथांची गोष्ट मी इतक्यांदा वर्गात सांगितली आहे; पण तिच्यातली एक गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. त्यांनी पाणी पाजले ते उघड, बरोबरच्या यात्रेकरूंच्या देखत. गाढव झोपेत असताना, कुणी पाहत नाही असे बघून नव्हे.

आणि ज्याला मी खलपुरुष ठरवले होते, त्याच्या घरात शोधूनही मला दुष्टपणा सापडला नाही. सापडले ते साधे विस्मरण. तसले माझ्याही घरी आहे. एरंडोलच्या म्हाताऱ्या मावशीला मी सहा महिन्यांत फोन केलेला नव्हता. विसरणाऱ्याला शिक्षेच्या आधी आठवण हवी असते. ती देणे हे पाहणाऱ्याचे काम. चारचौघांत नव्हे, टोमण्यात नव्हे, त्याच्या दारात जाऊन, "उन्हं फार झाली आहेत, पिंजरा ओसरीत घेऊ या का? मी हात लावतो," इतकेच. बहुतेक दारे एवढ्याने उघडतात.

न उघडली तर? तर पुन्हा सांगावे. तरीही कुणी जाणूनबुजून मुक्या जिवाचे हाल करत असेल, तर मग कायद्याकडे जावे, आणि तेही उजळ माथ्याने, सांगून जावे. मारहाण चालली असेल, तर पहिल्या दोन पायऱ्यांसाठी थांबूही नये. पण आपल्यापैकी बहुतेक जण शेवटच्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत. आपण पहिलीवरच, ओट्यावर, बोलत बसलेलो असतो.

पिंजरा त्याच दिवशी आम्ही दोघांनी उचलून ओसरीत नेला. तळाच्या उघड्या जाळीवर फळी बसवली. राहिलेला ससा दोन दिवस काही खाईना. सशाने एक दिवस खाणे सोडले तरी जिवावर बेतते, म्हणून त्याला दवाखान्यात नेला, आणि तो वाचला. आता वाटण्या उघड ठरलेल्या आहेत: पाणी मुलीचे, सफाई बापाची, घास माझा. गावाला जायचे झाले की मी भिंतीवरून सांगून जातो. मेलेल्या सशाचे मोल या वाटणीने फिटत नाही. मुलगी अजून कडुलिंबाच्या त्या कोपऱ्यातून जाताना वळसा घालून जाते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वसुबारस जवळ आलेली असेल. तुमच्या घराशेजारीही एखादी कमरेएवढी भिंत असेलच. पलीकडे ससा नसेल, तर दुसरे काही असेल. आमच्याकडे रोज दुपारी, ऊन ओसरीच्या पायरीला लागले, की पलीकडून हाक येते, "काका, मी पाणी ठेवलंय हं!"

हातातली वही खाली ठेवून मी उठतो, भिंतीपाशी जातो आणि वाटी पाहतो.