बोटीवर यजमान कोण?

क्रूझच्या बोटीवर चढण्याचा दिवस म्हणजे एकेक गोष्ट हातातून सोडून देण्याचा दिवस. मुंबईच्या बॅलार्ड पिअरला टॅक्सीतून उतरलं की बॅगांना केबिनच्या नंबराचा टॅग लागतो आणि हमाल त्या घेऊन जातो. त्या पुन्हा दिसतात त्या कित्येक तासांनी, केबिनच्या दाराशी. मग ओळखपत्राची तपासणी, एक्स-रे, कॅमेऱ्यासमोर एक फोटो आणि हातात एक प्लास्टिकचं कार्ड. दार उघडायचं ते याच कार्डाने, जास्तीचं काही मागवायचं तेही यावरच, त्यामुळे पाकिटाला हात लावायचं कारण उरत नाही. स्वयंपाक नाही, कामवाली आली का याची चौकशी नाही, दूधवाला नाही, आणि किनारा मागे पडल्यावर फोनची रेंजही नाही. साठी ओलांडलेली जोडपी थट्टेने याला ‘आमचा वानप्रस्थ’ म्हणतात. जाहिरातीही घरच्या काळज्या किनाऱ्यावर ठेवून या असंच सांगत असतात. ही थट्टा थोडा वेळ खरी धरून तपासण्यासारखी आहे. माणूस घर सोडून निघतो तेव्हा त्याची कर्तव्यं कुठे जातात, हा जुना धर्मप्रश्न तिच्या पोटात आहे.

समुद्राच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला, आणि त्याचं उत्तर वाईट दिलं गेलं. बौधायन धर्मसूत्र समुद्रप्रवासाची नोंद उत्तरेकडच्या लोकांची चाल म्हणून करतं आणि पुढे त्यालाच पतनाला कारण होणाऱ्या कृत्यांत बसवतं. मनुस्मृती समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंक्तीला बसू देत नाही, पण समुद्रव्यापारात मुरलेल्या लोकांनी ठरवलेला व्याजाचा दर मान्य करा, असंही तीच सांगते. तेव्हा पाण्याची भीती हे काही या निषेधाचं मूळ नव्हे. कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या गोष्टींच्या, यादीत तर स्पष्टच म्हटलंय की नावेने समुद्रावर गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतलं तरी त्याला जवळ करू नये. सगळा रोख आहे तो माणूस परत येण्यावर. तो तिकडे कोणाच्या हातचं जेवला, कोणाच्या शेजारी बसला, संध्या आणि अग्नी त्याने सांभाळले की नाही, याला गावातलं कोणी साक्षी नाही, ही खरी धास्ती. १८८८ साली मुंबईत मोढ वाण्यांच्या जातीसभेने विलायतेला निघालेल्या अठरा वर्षांच्या मोहनदास गांधींना वाळीत टाकलं. १८९१ साली ते परतल्यावर थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदेत स्नान घडवलं. जयपूरच्या सवाई माधोसिंहांनी १९०२ साली वेगळीच युक्ती काढली. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला जाण्यासाठी त्यांनी अख्खी बोट भाड्याने घेतली आणि चांदीच्या अवाढव्य कलशांतून गंगाजल बरोबर नेलं. ते कलश जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आजही बघायला मिळतात. घर न सोडता समुद्र ओलांडायचा, असा तो सगळा खटाटोप होता.

हा नियम मोडला ते बरंच झालं. त्याच्या मुळाशी जातीची शिवाशिव होती आणि तिची तरफदारी करायची गरज नाही. आनंदीबाई जोशींनी फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत सांगितलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेही नवऱ्याशिवाय. कर्तव्य माणसाच्या अंगी असतं, पंक्तीच्या अंगी नसतं, हे त्यांनी शास्त्र्यांपेक्षा नीट ओळखलं होतं. पण शिवाशिवीबरोबर एक प्रश्नही आपण टाकून दिला. ‘कोणी रांधलं?’ हे पूर्वी माणसाला दूर ठेवण्यासाठी विचारत. आता ते विचारावं लागू नये यासाठीच आपण तिकिटाचे पैसे मोजतो. जेवण समोर येतं, चादर बदललेली असते, आणि हे करणारे हात दिसले नाहीत तर सेवा उत्तम समजली जाते.

वानप्रस्थाचा दावा इथेच अडखळतो. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले, नातवंडाचं तोंड पाहिलं की अरण्यात जावं, बायकोला मुलांच्या हवाली करून किंवा तिला बरोबर घेऊन, असं मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो. म्हणजे जोडीने निघायला शास्त्राची ना नाही. पण अरण्यात पोचल्यावर हे जोडपं करतं काय? ते अग्नी बरोबर नेतं, पंचमहायज्ञ चालू ठेवतं, आणि स्वतः जे कंदमूळ खाईल त्यातूनच आश्रमात आलेल्या पाहुण्याचा सत्कार करतं. घर सुटलं, यजमानपण सुटलं नाही. शतपथ ब्राह्मण देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांना चौथं एक ऋण जोडतं, ते माणसांचं, आणि ते फेडायचा मार्ग म्हणून माणसांना आसरा आणि अन्न द्यायला सांगतं. झोपडीतलं ते म्हातारं जोडपं हे चौथं ऋण फेडत असतं. बोटीवर चढलेलं जोडपं नेमकं याच ऋणाच्या उलट्या बाजूला जाऊन बसतं. सुख आणि कष्ट हा दोघांतला मुख्य फरक नाहीच. समुद्रावरची हवा, सुग्रास जेवण, नवराबायकोने निवांत मारलेल्या गप्पा, यात कमीपणा आणणारं काही नाही. वानप्रस्थी दाराशी उभा राहून ‘या’ म्हणतो आणि क्रूझचा प्रवासी आत येतो, फरक एवढाच. पण तो मोठा आहे.

यावर कोणी संन्याशाकडे बोट दाखवील. तोही दुसऱ्याने शिजवलेलंच खातो, मग त्याचं परावलंबन पवित्र आणि आमचं तेवढं उथळ कसं? आक्षेप चांगला आहे, आणि त्याचं उत्तर मनुस्मृतीच्या त्याच सहाव्या अध्यायात फार बारकाईने दिलेलं आहे. संन्याशाने भिक्षेला जावं ते चुलीचा धूर थांबल्यावर, मुसळाचा आवाज बंद झाल्यावर, निखारे विझल्यावर आणि घरची माणसं जेवून उठल्यावर. त्याच्यासाठी कोणालाही नव्याने चूल पेटवावी लागू नये, ही त्यामागची काळजी. बोटीवरचा बुफे मध्यरात्रीपर्यंत भरलेला ठेवावा लागतो, कारण कोणाला कधी भूक लागेल सांगता येत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देहाला कष्ट होतील या भीतीने कर्म सोडलं तर तो राजस त्याग, आणि अशा त्यागाचं फळ पदरी पडत नाही. सोडलेलं काम दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडणार, हे बोटीइतकं उघड क्वचितच दिसतं.

कारण प्रवाशांचा चढण्याचा दिवस हा कर्मचाऱ्यांचा सर्वांत वाईट दिवस असतो. सकाळी आधीचे प्रवासी उतरतात, दुपारी नवे चढू लागतात, आणि मधल्या काही तासांत शेकडो केबिनी झाडून, चादरी बदलून, न्हाणीघरं घासून तयार करायच्या असतात. तोवर नव्या पाहुण्यांना जेवणाच्या मजल्यावर थोपवून धरतात. हे काम करणारे लोक ये-जा करतात ती बोटीच्या पोटातून जाणाऱ्या एका लांबलचक बोळातून. एका अमेरिकी महामार्गावरून त्याला ‘आय-९५’ हे नाव पडलंय, आणि प्रवाशांना तो बोळ दिसत नाही. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांच्या विश्रांतीची किमान मर्यादा २४ तासांत १० तास आणि आठवड्याला ७७ तास अशी घातली आहे. उलटा हिशोब केला तर उरलेला वेळ किती कामाचा असू शकतो ते कळतं, आणि आठवड्याची सुट्टी त्या हिशोबात कुठे बसते तेही. एकेक कंत्राट कित्येक महिन्यांचं.

या माणसांत गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुंबईत येऊन बोटीची वाट पाहत थांबायचं तर त्यांच्यासाठी धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावाचे क्लब असत, त्यांना ‘कूड’ म्हणत. काही अजून आहेत. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, एका कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची तेर्स, म्हणजे रोझरी. अगदी थोड्या पैशात खाट मिळे, ती गाववाला म्हणून. बॅलार्ड पिअरपासून थोड्याच अंतरावर त्याच माणसाच्या चढण्याच्या दिवसाची ही दुसरी बाजू. मेडिकल झालं, साइन-ऑनची तारीख लागली की तो निघे. आणि निघेपर्यंत त्याला ठेवून घेणारे लोकही त्याच्याइतकेच साधे असत. माणसांचं ऋण फेडणारं अरण्यातलं झोपडं मला या शहरात कुठे सापडत असेल, तर ते त्या कुडीत.

आता सर्वांत सरळ आक्षेप: आम्ही पैसे मोजले आहेत, मग ऋण कसलं? व्यवहारापुरतं हे खरं आहे. पण आपण स्वतःच हा नियम सगळीकडे लावत नाही. फी भरली म्हणून गुरूचं ऋण फिटलं असं कोणी म्हणत नाही, आणि नर्सला पगार मिळतो म्हणून आजारपणात तिने केलेलं कोणी विसरत नाही. मोबदल्याने कामाचा हिशोब पुरा होतो. एका माणसाने घरापासून कित्येक महिने लांब राहून आपली उशी नीट केली, हे त्या हिशोबात मावत नाही. दुसरा आक्षेप रोजगाराचा. आपण गेलो नाही तर त्याची नोकरी जाईल. बरोबर आहे, आणि जाऊ नका असं मी म्हणतच नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो बहुतेकदा पुरुषांच्या बोलण्यात येत नाही. चाळीस वर्षं जिने दोन वेळचा स्वयंपाक केला, सणावाराला वीस-वीस पानं वाढली, तिने कधी पाहुणी व्हायचं? तीर्थयात्रेलाही तिची सुटका नव्हती. धर्मशाळेच्या आवारात तीन दगड मांडून पिठलं-भात तिनेच केला आणि नवऱ्याचं धोतर तिनेच धुतलं. वानप्रस्थातसुद्धा कंदमुळं कोणी सोलली असतील, याबद्दल स्मृतिकार गप्प आहेत. माणसांचं ऋण या बाईने केव्हाच फेडलंय, कदाचित व्याजासकट. आयत्या ताटावर बसण्याचा तिचा हक्क मी निमूट मान्य करतो. त्यामुळे एकाच केबिनमध्ये शिरणाऱ्या दोघांचा हिशोब एक राहत नाही, हे नवरोजींनी लक्षात घ्यावं. आणि आयतं ताट म्हणजे काय असतं हे त्या दोघांत तिलाच नीट कळतं. म्हणून केबिन झाडणाऱ्या मुलाशी पहिलं बोलणं बहुधा तिचंच होतं. कुठला रे तू, आई-वडील कुठे असतात?

या दिवसातली एकच गोष्ट पाहुणा आणि सेवक ही मांडणी मोडते, ती म्हणजे सुरक्षेची कवायत. भोंगा वाजतो, नेमून दिलेल्या जागी जायचं असतं, आणि दुपारी ज्याने सरबत आणून दिलं तोच आता अंगात केशरी जॅकेट घालून कुठे उभं राहायचं ते सांगतो. पुष्कळ बोटींवर हल्ली निम्मी कवायत मोबाइलवरच्या फिल्मवर उरकतात, आणि तीही अनेकजण पुढे ढकलत पाहतात. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे कवायत प्रवास सुरू झाल्यापासून २४ तासांत घेतली तरी चालत असे, त्यामुळे त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. ३२ माणसं गेली. प्रवासी बोटीवर असतानाच कप्तान उतरून गेला होता. त्याला पुढे १६ वर्षांची शिक्षा झाली. मृतांत मुंबई परिसरातून गेलेला एक वेटर होता, आणि त्याचे अवशेष सगळ्यांच्या शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, बोटीच्या सांगाड्यात मिळाले. या अपघातानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. केशरी जॅकेटातल्या मुलाने तुमच्यानंतर उतरायचं, ही अट त्याच्या कामात आहे, आणि तुमच्या बिलावर तिची ओळ कधीच येणार नाही. ऋण नाकारणाऱ्याला मी या कवायतीच्या वेळी त्याच्याकडे बघायला सांगेन.

फेडायचं कसं, हे विचारणं रास्तच आहे. बक्षिशीची रोजची रक्कम बऱ्याच बोटींवर आपोआप बिलात पडते, आणि काही कंपन्या ती काढून टाकण्याची सोय ठेवतात. ती सोय वापरणारी जोडपीही असतात. ते टाळणं ही अगदी खालची पायरी. पण बक्षीस देऊनही मूळ ऋण उरतंच, आणि ते त्याच माणसाला परत करायची शास्त्राची अपेक्षाही नाही. ऋषींचं ऋण आपण विद्या पुढे देऊन फेडतो, पितरांचं मुलं वाढवून. माणसांचं ऋणही तसंच दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात जायचं. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेलं गावाकडचं कुणी, सोबतीला त्याची बायको, आणि चार-आठ दिवस राहायची सोय होईल का असा बिचकत केलेला फोन, हे मुंबईतल्या मराठी घरांना नवं नाही. मुलं परदेशी गेल्यामुळे एक खोली रिकामीच असते. अशा वेळी ‘आमचं आता वय झालं हो, धावपळ होत नाही’ असं सांगून फोन ठेवणाऱ्या जोडप्याने खुशाल क्रूझला जावं. फक्त त्याला वानप्रस्थ म्हणू नये.