गरज सरल्यावर

'अडला हरी, गाढवाचे पाय धरी' आणि 'गरज सरो, वैद्य मरो' या दोन्ही म्हणी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन्हींचा सूर एकच : गरजेपोटी जोडलेले नाते हलक्या प्रतीचे, खरे नाते ते निरपेक्ष! हे कितपत खरे आहे? माझा व्यवसाय संगणकाचा, वनस्पतिशास्त्राशी संबंध वाचनापुरताच. पण या प्रश्नाचा विचार करायला मला भाताच्या रोपाने भाग पाडले.

जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत एक प्रकारची बुरशी राहते. मुळे जिथे पोचत नाहीत तिथले फॉस्फेट ती आपल्या बारीक तंतूंतून आणून देते आणि बदल्यात रोपाकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेते. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी गावाजवळच्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ही जोडी दिसते.

गंमत अशी की रोप हे दार सदैव उघडे ठेवत नाही. भातात पीएचआर-२ नावाचे एक प्रथिन आहे. बुरशीला बोलावणारी, आत घेणारी अनेक जनुके चालू करणे हे त्याचे काम. फॉस्फेट मुबलक असते तेव्हा एसपीएक्स नावाची प्रथिने त्याला धरून ठेवतात. तुटवडा पडला की ही पकड सुटते, जनुके जागी होतात आणि मुळांतून बुरशीला आमंत्रण देणारी रसायने मातीत पाझरू लागतात. शांघायच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ही साखळी उलगडून दाखवली. आम्हा प्रोग्रॅमर मंडळींच्या भाषेत सरळ 'इफ-एल्स'! शेतात सुपर फॉस्फेट भरपूर पडले, की रोप बुरशीला फारसे जवळ करत नाही.

मग रोपाला कृतघ्न म्हणायचे का? बुरशी पोसायला खर्च येतो आणि रोप तो विनाकारण करत नाही, इतकेच. शिवाय निव्वळ गरजेवर उभे असलेले हे नाते ४० कोटी वर्षे टिकले आहे. तेव्हा गरजेची लाज कशाला बाळगायची? विमानतळावर घ्यायला आलेला, गादी टाकायला जागा देणारा, आपल्या गाडीतून किराणा आणायला नेणारा अनोळखी मराठी माणूस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ती मैत्री गरजेतूनच झाली, म्हणून ती खोटी ठरत नाही.

पण दुसरी म्हण इतक्या सहज सुटत नाही. ही बुरशी स्वतःची स्निग्धाम्ले स्वतः बनवू शकत नाही, ती रोपाकडूनच मिळवते, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे रोपाला जी मैत्री ऐच्छिक, ती बुरशीला जीवनमरणाची! रोपाला हे कळण्याची सोय नाही. आपल्याला आहे.

घर झाले, ग्रीन कार्ड झाले, की आपल्यालाही माणसांची गरज कमी भासू लागते. पण नव्याने आलेल्या विद्यार्थ्याची, सहा महिन्यांसाठी आलेल्या, गाडी चालवता न येणाऱ्या आईवडिलांची गरज तेवढीच असते. नाते कसे जुळले, यापेक्षा त्यात आता गरज कोणाची उरली आहे, हा मला खरा नीतीचा प्रश्न वाटतो. ज्याला दार लावून घेणे परवडते, त्याच्यावरच जबाबदारी जास्त.

मित्रहो, मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला निघताना आपल्या गाडीत एखादी जागा रिकामी असेल, तर एक फोन जरूर करा.