कल्पित कथांचे वाचन

गंगापूर व पैठण ह्या बाजूच्या मंडळ्यांत सेवा करणाऱ्या एका उपदेशक बंधूंनी आम्हांस पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मंडळीतील एका घरची मुलगी नववीत शिकत आहे. ती शाळेच्या कपाटातून मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या घरी आणते आणि भाकरी थापून झाल्या की चुलीपाशीच वाचीत बसते. कधी एकटीच हसते, कधी डोळे पुसते. तिच्या पित्याचे म्हणणे असे की, जे कधी घडलेच नाही त्यापायी रडणे व हसणे म्हणजे असत्याची गोडी लावून घेणे होय. घरात पवित्र शास्त्र असता हे कशाला? उपदेशक बंधूंस हे म्हणणे खरे वाटते, परंतु मुलीच्या हातचे पुस्तक काढून घेण्यास त्यांचे मन धजत नाही.

पित्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आपल्या पुष्कळ घराण्यांत अक्षर आले ते शुभवर्तमानाचा हात धरून आले. ज्यांच्या आज्यांपणज्यांस शाळेच्या ओट्यावरही चढू देत नसत, त्यांनी वाचावयास शिकण्याची खटपट केली ती देवाचे वचन आपल्या डोळ्यांनी पाहावे म्हणून. त्यात ह्या मुलखावर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि मराठी पुस्तक यावयाचे ते बहुधा पुण्यामुंबईहून. इतक्या कष्टाने मिळालेली विद्या करमणुकीसाठी खर्च करणे हे त्या पित्यास बियाण्याचे जोंधळे भाजून खाण्यासारखे वाटत असेल, तर त्यात नवल नाही.

तथापि, असत्य आणि कल्पित ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. लबाड मनुष्य जे घडले नाही ते घडले असे आपणांस पटवू पाहतो, आणि ते आपण ओळखू नये अशी त्याची इच्छा असते. कथा सांगणारा असे काही करीत नाही. ऐकणारा व सांगणारा दोघेही जाणून असतात. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी मनुष्य कोणत्या गावचा, त्याच्या गाढवाचे पुढे काय झाले, असे आजवर कोणा विश्वासणाऱ्याने विचारल्याचे ऐकिवात नाही. प्रभूने ती कथा सांगितली, आणि तिच्यावरून आपण खोटे बोलण्यास शिकलो असेही झाले नाही.

नाथान संदेष्ट्याचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. दाविदाने उरीयाची स्त्री घेतली व उरीयास मारविले. नाथान राजाकडे गेला तो आरोप घेऊन नव्हे, तर गरीब मनुष्याच्या एकुलत्या एका कोकराची कथा घेऊन. दाविदाचा संताप भडकला, त्या धनवानास त्याने आपल्याच तोंडाने दोषी ठरविले, आणि मग त्याला कळले की तो धनवान आपणच. प्रथमच आरोप केला असता तर राजाने शंभर सबबी सांगितल्या असत्या. कथेत मात्र तो काही वेळ स्वतःला विसरला, दुसऱ्याच्या जागी उभा राहिला, आणि तेथून त्याला आपले घर दिसले. चुलीपाशी बसलेली मुलगी जेव्हा दुसऱ्या कोणासाठी डोळे पुसते, तेव्हा तिच्या ठायी काय चालले आहे ह्याचा पित्याने विचार करावा.

आणि कादंबरी ही आपल्या मंडळीबाहेरची वस्तू आहे असे तरी का मानावे? हे नाव बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथावरून मराठीत रूढ झाले, हे खरे; परंतु मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे ते ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली लिहिले बाबा पदमनजी ह्यांनी. बेळगावी जन्मलेला हा पुरुष १८५४ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला होता. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा वर्षच लोटले होते. कायद्याने वाट मोकळी झाली तरी लोकांची मने कोठे मोकळी झाली होती? म्हणून त्यांनी यमुना नावाची तरुण स्त्री कल्पिली, तिला पतीबरोबर प्रवासास पाठविले आणि ठिकठिकाणच्या विधवांची दशा वाचकांस दाखविली. आमच्या मते त्या ग्रंथात उपदेश गरजेहून अधिक आहे, आणि तो आता काहीसा शिळाही वाटतो. त्या विधवांचे हाल मात्र अजून अंगावर येतात.

मुलांच्या हाती आज फार वर्षे असलेले पुस्तक म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यात एक प्रसंग आहे. मोळी घेऊन जाणारी एक म्हातारी महार स्त्री वाटेत अडली आहे. तिला शिवावयास कोणी तयार नाही. आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी येऊन स्नान कर. श्याम तसे करतो. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या आज्या त्या रस्त्यावर कोणत्या जागी उभ्या होत्या, हे सांगावयास नको. आता आपली मुलगी हा प्रसंग वाचते तेव्हा ती श्यामही होते आणि म्हातारीही होते. मोळीला लागलेल्या हाताबद्दल तिला आनंद वाटतो, आणि त्या स्नानाबद्दल तिच्या मनात सल उरतो. ती आई चांगली होती काय? होती. मग ते स्नान कशाला? हा प्रश्न तिला कोणी घालून दिलेला नाही. तो तिचा तिला सुचला. पुढे ह्याच साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले, हेही तिने जाणावे.

येथवरचे पुष्कळांस मान्य होईल, कारण आम्ही लाभ दाखविला. परंतु जेथे काही बोध नाही, नुसती मौज आहे, त्याचे काय? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा पोर. सायकलीवरून धावतो, चोरांच्या मागे लागतो, संकटात पडतो आणि निसटतो. त्यात उपदेशासाठी वचन शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. तरी आम्हांस वाटते की त्या मौजेलाही जागा आहे. जखऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमेच्या पुनःस्थापनेचे जे चित्र आठव्या अध्यायात काढले आहे, त्यात रस्त्यांवर मुलेमुली खेळत आहेत. ती खेळून काय शिकतात हे संदेष्टा सांगत नाही. ज्यांच्या मागल्या पिढ्यांची मुले ढोरांमागे व वेठीला गेली, त्यांच्या घरी एक मूल निवांत बसून हसत आहे. ह्याचा हिशोब देवबापाने मागितला नाही, तर आपण का मागावा? वडील माणसाने असे पुस्तक वाचले तर त्याची थोरवी कमी होते, हेही आम्हांस पटत नाही. उपदेशकांनी तर ते अवश्य वाचावे. रविवारच्या शाळेत कथा कशी सांगावी हे त्यांस कळेल.

मर्यादा आहेत. श्यामच्या आईसाठी रडणारी मुलगी आपल्या आईच्या डोक्यावरचा हंडा उतरावयास उठत नसेल, तर तिला हाक मारून उठवावे. मनुष्यास तुच्छ लेखण्यात ज्या पुस्तकाला गोडी वाटते ते पुस्तक आम्हांसही नको. पण ते तसे आहे की नाही हे पाहण्यासाठी ते आधी वाचले पाहिजे, आणि बहुधा पुस्तके काढून घेणारेच ती वाचीत नाहीत.

उपदेशक बंधूंनी पुढल्या भेटीत त्या घरी संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर थोडे थांबावे, आणि पित्यासमक्ष मुलीस म्हणावे, बाई, कुठवर आली तुझी गोष्ट, आम्हांस सांग पाहू. पित्याने मध्ये बोलू नये. शाळेच्या पुस्तकास परत करण्याची मुदत असते. तोवर ते तिच्याजवळच राहू द्यावे.