गावाला नदी आहे

राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी उसळते तेव्हा कर्ण्यावरून मधूनच एक पुकारा होतो. एक लहान मुलगा सापडला आहे, अंगात अमुक रंगाचा शर्ट आहे, स्वतःचं नाव सांगतो, गावाचं नाव सांगता येत नाही. जाफराबाद, भोकरदन, जालना या बाजूची माणसं पायी राजूरला जातात, त्यांना हा पुकारा नवा नाही. तरीही तो कानावर पडला की हातातल्या पोराचं मनगट आपोआप घट्ट धरलं जातं.

माझं मन मात्र त्या शेवटच्या वाक्यापाशी अडून राहतं. गावाचं नाव येत नसेल, पण त्या मुलाला काय काय येत असेल! दारातल्या शेळीचं नाव येत असेल. आजी कोणत्या कोनाड्यात तंबाखूची डबी ठेवते ते येत असेल. शाळेच्या वाटेवर कुत्रं कुठे अंगावर येतं ते येत असेल. त्याच्या घराचा अख्खा नकाशा त्याच्याजवळ आहे. मंडपात बसलेला माणूस त्याला तालुका आणि जिल्हा विचारतो.

हायाओ मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ या 2001 सालच्या जपानी चित्रपटात असाच एक हरवलेला मुलगा आहे, हाकू नावाचा. दिसायला बाराएक वर्षांचा. एका चेटकिणीच्या हमामखान्यात तो राबतो, कारण आपलं खरं नाव तो विसरला आहे, आणि नाव नाही म्हणून घरची वाट नाही. तिथे अडकलेल्या दहा वर्षांच्या चिहिरोचंही नाव ती चेटकीण काढून घेते आणि तिला ‘सेन’ म्हणू लागते. लवकरच ती पोर स्वतःचं नाव विसरण्याच्या बेतात येते. 2003 साली या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. माझ्या मनात मात्र त्यातली एकच गोष्ट घर करून आहे. हाकू मुळात एक नदी असतो. कोहाकू नावाची छोटी नदी. ती बुजवून तिच्यावर इमारती उभ्या राहिलेल्या असतात. चिहिरो अगदी लहानपणी त्या नदीत पडली होती. तिला स्वतःला ते धड आठवत नाही. पण आईने कधीतरी तिला ती गोष्ट सांगितलेली असते. त्या नदीचं नाव तिच्या ओठांवर येतं आणि हाकूला तो कोण ते कळतं.

विसरलेल्या मुलाचं नाव दुसऱ्या मुलीने जपलं, आणि तिच्याजवळ त्या नदीची गोष्ट आली आईच्या तोंडून. इथे माझे डोळे भरून येतात.

आपल्याकडचं जाफराबाद हेही नद्यांचं, केळणा आणि पूर्णा यांच्या संगमावरचं गाव. केळणेला कुणी खेळणाही म्हणतं. आता समजा, इथलं एखादं लेकरू कुठल्यातरी लांबच्या फलाटावर उतरलं आणि त्याने ‘जाफराबाद’ एवढंच सांगितलं. मोठ्यांच्या नकाशात जाफराबादं किती! एक दिल्लीत आहे. एक गुजरातेत, अमरेली जिल्ह्यात समुद्रकाठी.  पोर टेंभुर्णीचं असेल तरी तेच. जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी आहे आणि सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातही टेंभुर्णी आहे. नाव बरोबर सांगूनही लेकरू परक्या गावात जाऊन उभं राहील. पण त्याने सांगितलं, की आमच्या गावाला दोन नद्या येऊन मिळतात, तर अमरेलीकडे निघालेला माणूस थांबेल. मात्र त्या दोन नद्या आपल्या आहेत हे कुणीतरी त्याला आधी दाखवलेलं असायला हवं.

असं खरोखर घडलंही आहे. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, तापीकाठी बऱ्हाणपूर आहे. 1986 साली तिथल्या स्टेशनवर पाच वर्षांचा एक मुलगा थोरल्या भावाची वाट पाहत झोपी गेला, जाग आल्यावर गाडीत चढला आणि कोलकात्याला पोचला. सरू ब्रायर्ली यांची ही हकीकत ‘लायन’ चित्रपटामुळे अनेकांना माहीत आहे. त्यांचं मूळ नाव शेरू. बोबड्या उच्चारात ते सरू झालं. खांडव्यातली त्यांची वस्ती गणेश तलाई. ते सांगायचे ‘गिनेस्तले’. बऱ्हाणपूर झालं ‘बेरामपूर’. पोराने खरं तेच सांगितलं होतं, पण कोलकात्यात कुणाला ते गाव सापडेना. 1987 साली ऑस्ट्रेलियातल्या, टास्मानियातल्या एका जोडप्याने त्यांना दत्तक घेतलं. मोठं झाल्यावर उपग्रहाच्या छायाचित्रांत रेल्वेचे रूळ धरून धरून त्यांनी शोध घेतला आणि 2011 साली गाव ओळखलं. कशावरून? स्टेशनजवळची पाण्याची टाकी, रुळांवरचा पूल, खेळायची नदी. बिघडलेल्या नावांनी पंचवीस वर्षं फसवलं. टाकी आणि पूल होते तिथेच होते.

आपल्याकडच्या जुन्या बायांच्या हातावर नाव गोंदलेलं असतं. जत्रेत गोंदणारा बसायचा आणि हौस म्हणून, खूण म्हणून हातावर नाव उमटायचं. हरवलं माणूस तर हात बोलेल, असाही त्यामागे विश्वास असे. आता बोटांचे ठसे ते काम करतात. 2021 साली नागपुरात वाढलेला एक मुलगा असाच जबलपूरला आपल्या घरी पोचला. त्याचं आधार कार्ड काढायला गेले तर निघेना, कारण हरवण्याआधीच घरच्यांनी ते काढून ठेवलं होतं. त्याला धड बोलता येत नव्हतं. दहा वर्षांनी त्याच्या बोटांनी घर सांगितलं. मुंबईत 1996 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सुरू झालेला 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आज देशभर आहे, आणि तो पोरांना पाठ असावा असं मला मनापासून वाटतं. पण क्रमांक फिरवल्यावर पलीकडचा माणूस विचारणारच, बाळा, कुठला रे तू?

त्या उत्तराची तयारी घरातच होते, आणि ती गप्पांतून होते. पोराला खांद्यावर घेऊन संगमाकडे जाताना, ही केळणा, ती पूर्णा, असं बोट दाखवून कुणी सांगतं. उन्हाळ्यात पाणी आटलं तरी सांगतं. हातात पाच-सहा वर्षांच्या पोराचं बोट असतं तेव्हा आपण उगाच बडबडतो असं वाटतं. बसस्टँडवरून घरी येताना काय काय लागतं ते त्याच्याकडूनच म्हणवून घ्यावं. चूक झाली तर हसू नये. ते जसं म्हणेल तो उच्चारही आपण लक्षात ठेवावा. ‘गिनेस्तले’ कोलकात्यात कुणालाच कळलं नाही, पण आईच्या कानांना ते लगेच कळलं असतं.

लक्षात ठेवायचं काम घरालाही असतं. शेरूच्या आईला लोक सांगत, आता दुसरीकडे जा, इथे कोण येणार आहे. ती गणेश तलाईतच राहिली. घर बदललं, पण मोहल्ला सोडला नाही. तो परत आला तर इथेच येईल, असं तिचं म्हणणं होतं. 2012 च्या फेब्रुवारीत तिशीतला एक माणूस त्या जुन्या घरापाशी येऊन उभा राहिला. घर ओस होतं. भाषा विसरल्यामुळे त्याला नीट विचारताही येईना. त्याने लहानपणचा फोटो दाखवला, घरच्यांची नावं घेतली. एक जण आत गेला, परत आला आणि त्याला कोपऱ्याच्या पलीकडे घेऊन गेला. तिथे तीन बाया उभ्या होत्या. मधली पुढे आली.