पटावरचा शेजारी

देवगडच्या वाड्यांतली तरुण माणसे मुंबईला गेली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट आटत गेला. त्याच वेळी हापूसच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबे आली, चिऱ्याच्या खाणींवर आणि बांधकामांवर कर्नाटकातले मजूर आले, आणि त्यांची मुले याच शाळांच्या दारी आली. मग शाळा गावाची म्हणायची, तर गाव कुणाचे? कोकणच्या गावऱ्हाटीचे उत्तर जुने आहे: ग्रामदेवतेपुढे ज्याचा मान, त्याचे गाव. देवळापुरते ते चालेलही (तिथेही वाद थोडे होत नाहीत), पण मान वारशाने येतो आणि मूल कुठे जन्मावे हे ठरवून येत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवतो. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

आक्षेप असा की आंब्याचा हंगाम संपला की ही मुले जाणार, मग शिक्षकाने मराठी शिकवायची तरी कशाला? पण चाकरमान्यांची मुलेही गाव सोडणारच होती. त्यांना शिकवताना हा हिशेब कुणी मांडला नाही. दोन-तीन भाषांचा वर्ग एकट्या शिक्षकाला जड जातो, हे मात्र खरे. त्यावर उपाय जादा शिक्षक आणि मुलाच्या बोलीतून सुरुवात हा आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा २०२३ चा सरकारी विचार नेमका उलट्या दिशेचा होता, कारण अंतर वाढले की पहिले गळते ते बागेतल्या खोपीतले मूल.