दहा मिनिटांचा न्याय

गाणे फुकट शिकवावे असे ज्याच्या मनात येते, त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो गाण्याचा नसतो. कोणाला फुकट शिकवावे, हा असतो. विद्या दिल्याने वाढते हे खरे, पण शिकवणाऱ्याचे दिवस वाढत नाहीत आणि वसतिगृहातल्या खाटाही वाढत नाहीत. तेव्हा निवड आली. निवड आली की तिच्या पाठोपाठ न्याय-अन्याय आलाच. आपल्या गुरुगृहांच्या कथांत हा प्रश्न श्रद्धेने झाकला गेलेला आहे. अमेरिकेतील विद्यापीठांचे संगीत-विभाग आणि संगीत-विद्यालये विद्यार्थी ज्या रीतीने निवडतात, तिच्यात मात्र तो उघडा पडलेला दिसतो. कारण तेथे गुणाच्या शेजारीच डॉलरचा आकडा लिहिलेला असतो.

ती रीत थोडक्यात अशी. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आदल्या हिवाळ्यापूर्वीच अर्ज करते. बऱ्याच ठिकाणी अर्जासोबत आपल्या वादनाचे मुद्रण पाठवावे लागते. त्या चाळणीतून जे उरतात त्यांना जानेवारी ते मार्चच्या दरम्यान समक्ष बोलावतात. या समक्ष चाचणीला ऑडिशन म्हणतात. खोलीत टेबलामागे काही प्राध्यापक बसलेले असतात. नेमून दिलेल्या रचना वाजवायच्या, विचारतील ती स्वरसप्तके वाजवायची, कधी समोर ठेवलेली अनोळखी स्वरलिपी पाहताक्षणी वाजवून दाखवायची. सारा कारभार पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटांचा. कित्येकदा रचना मध्येच थांबवतात, आणि थांबवले ते आवडले म्हणून की नावडले म्हणून, हे कळायला मार्ग नसतो. मग वसंताच्या सुमारास पत्र येते. त्यात प्रवेश मिळाला की नाही हे असते, आणि मिळाला असल्यास शिष्यवृत्ती किती, हेही असते. तेथील बहुतेक खासगी संस्थांची फी सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे, पत्रातला दुसरा मजकूरच पुष्कळदा पहिल्याचा निकाल लावतो.

आपल्याला स्कॉलरशिपची परीक्षा ठाऊक आहे. गणित सुटले की सुटले. उत्तर चुकले तर कोठे चुकले ते दाखवता येते. येथे तसे काही नाही. बेसूर वाजवणारा सहज ओळखू येतो, त्याच्याबद्दल वादच नाही. प्रश्न आहे तो सुरात वाजवणाऱ्या चाळीस मुलांतून चार घ्यायची असतात तेव्हाचा. तेव्हा चौथा आणि पाचवा यांच्यात काय अंतर असते, हे परीक्षकांना शब्दांत सांगता येत नाही, आणि कोणी सांगायलाही लावत नाही.

या न सांगण्याची किंमत काय असते, याचे उदाहरण फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटच्या इतिहासात आहे. यूनिस वेमन ही उत्तर कॅरोलिनातील ट्रायन या लहानशा गावातली काळी मुलगी. जन्म १९३३ चा. पियानोवरचा तिचा हात पाहून गावातल्या माणसांनी तिच्या शिक्षणासाठी निधी जमवला, आणि देणाऱ्यांत गोरी माणसेही होती. न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये तिने काही काळ तयारी केली आणि १९५१ साली कर्टिसची ऑडिशन दिली. नकार आला. आपण काळ्या आहोत म्हणून नाकारले गेलो, असे ती जन्मभर मानत आली. संस्थेच्या बाजूने ते कधी मान्य झाले नाही. पुढे पोटासाठी ती अटलांटिक सिटीच्या एका दारूगुत्त्यात पियानो वाजवू लागली. धर्मोपदेशक असलेल्या आईला कळू नये म्हणून तिने नाव बदलले, आणि त्या नव्या नावाने, नीना सिमोन या नावाने, जग तिला ओळखू लागले. २००३ साली कर्टिसने तिला सन्माननीय पदवी दिली. त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी ती वारली.

ही कथा सांगताना लोक संस्थेला खलनायक करून मोकळे होतात. मला ते इतके सरळ वाटत नाही. जॉर्ज वॉकर हा काळा संगीतकार त्याच कर्टिसमधून १९४५ साली, म्हणजे यूनिसच्या सहा वर्षे आधी, पदविका घेऊन बाहेर पडला होता. १९९६ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. याचा अर्थ यूनिसला न्याय मिळाला असाही नाही. दार एकासाठी उघडले, म्हणून ते दुसरीसाठी वर्णामुळे बंद झाले नसेल, असे कोठे आहे? त्या दिवशी तिच्यापेक्षा सरस हात ऐकू आले असतील, किंवा तिचा रंग डोळ्यांत खुपला असेल, किंवा दोन्ही गोष्टी कोणाच्या मनात नकळत एकमेकींत मिसळल्या असतील. तिला ते कळणे शक्य नव्हते, आणि मला वाटते, जखम झाली ती येथे. कारण न सांगता दिलेल्या नकारात माणूस आपले कारण स्वतः भरतो, आणि जगाने त्याला जे शिकवलेले असते तेच भरतो.

अशा प्रसंगी व्हेर्दीचे नाव हटकून निघते. मिलानच्या संगीतशाळेने १८३२ साली त्याला नाकारले आणि आज ती शाळा त्याचेच नाव मिरवते! या गोष्टीने नापास मुलांचे आईबाप समाधान पावतात. पण ज्यांना नाकारले आणि जे नंतर थोर झाले, तेवढेच आपल्याला ठाऊक असतात. ज्याने घरी येऊन व्हायोलिन पेटीत ठेवले आणि पुन्हा काढलेच नाही, त्याची गोष्ट कोण सांगणार?

पक्षपातावर पाश्चात्त्यांनी एक साधा उपाय काढला: मध्ये पडदा लावायचा. अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांनी नोकरीच्या चाचण्यांसाठी तो विशेषतः १९७० नंतर स्वीकारला. स्त्रीच्या टाचांचा आवाज येऊ नये म्हणून जमिनीवर जाजमही अंथरले. १९८० साली म्युनिकच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने ॲबी कोनन्ट या अमेरिकन बाईंना पुरुष समजून ट्रॉम्बोनच्या चाचणीला बोलावले. पडद्याआडून त्यांचे वादन पसंत पडले. पडदा सरला आणि सगळे चकित झाले. पुढे त्यांना मुख्य जागेवरून दुय्यम जागेवर उतरवण्यात आले आणि न्यायालयातला झगडा १९९३ पर्यंत चालला. तेरा वर्षे! सूर तोच, फुप्फुसे तीच. भर पडली होती ती फक्त दिसण्याची.

डोळा कानावर किती कुरघोडी करतो, याचा एक प्रयोग चिया-जुंग त्साय या विदुषींनी २०१३ साली प्रसिद्ध केला. पियानो-स्पर्धांच्या अंतिम फेरीतील तिघांची मुद्रणे लोकांना दिली आणि विजेता ओळखायला सांगितले. ज्यांना नुसता आवाज ऐकवला त्यांना तो ओळखता आला नाही. ज्यांना आवाज बंद करून नुसते हलते चित्र दाखवले, त्यांनी तो कितीतरी अधिक वेळा बरोबर ओळखला. आणि यांत व्यावसायिक संगीतज्ञही होते. म्हणजे स्पर्धेचे निकाल ठरतात त्यात सुरांपेक्षा चेहऱ्याचा, हातवाऱ्यांचा, आवेशाचा वाटा आपण मानतो त्याहून मोठा असावा. आपल्याकडील मैफलींतही हा अनुभव येत नाही असे कोणी म्हणू नये.

मग पडदा लावा आणि मोकळे व्हा, असे म्हणावेसे वाटते. विद्यापीठे मात्र शिष्य निवडताना तो क्वचितच लावतात, आणि माझ्या मते अडचण खरी आहे. पडदा सांगतो की या माणसाविषयी काही जाणून घेऊ नका, म्हणजे तुम्ही न्यायी राहाल. शिष्यवृत्ती नेमके उलट सांगते: या माणसाविषयी सगळे जाणून घ्या, नाहीतर तुम्ही अन्याय कराल. कारण पडद्याआडून येणारा सूर हा एकट्या मुलाचा नसतो. सहाव्या वर्षापासूनचा खासगी शिक्षक, चांगले वाद्य, उन्हाळी शिबिरे, साथीदाराची बिदागी, चाचणीसाठी गावोगावचे विमानभाडे, हे सगळे त्या सुरात विरघळलेले असते. डबल बेस वाजवणाऱ्या मुलाचे वाद्य विमानाने न्यायचे तर ते त्याच्यापेक्षा मोठे बिऱ्हाड. शाळेने उसन्या दिलेल्या वाद्यावर पाच वर्षे वाजवलेल्या मुलाची तयारी दहा मिनिटांत तितकी चोख ऐकू येणार नाही. मग समितीने गुण म्हणून मोजले ते काय? पुष्कळदा आधीच झालेला खर्च. आणि त्या खर्चालाच बक्षीस म्हणून शिष्यवृत्ती!

एवढ्यावर थांबत नाही. विद्यापीठाला स्वतःचा वाद्यवृंद चालवायचा असतो. फ्लूट वाजवणारी मुले ढिगाने येतात, बासून आणि ओबो वाजवणारी थोडी. ज्या वर्षी बासूनच्या जागा रिकाम्या असतील, त्या वर्षी बेताच्या बासूनवाल्याला उत्तम फ्लूटवालीपेक्षा मोठी शिष्यवृत्ती मिळू शकते. तेथे हे कोणी लपवतही नाही. जाणते शिक्षक मुलांना आधीच सुचवतात की बाबा, व्हायोला घेशील तर बरे. यात गैर काही नाही. गावच्या नाटकमंडळीलाही तबलजी हवाच असतो. गैर आहे ते या व्यवहाराला गुणांचा गौरव म्हणणे. होतकरू मुलावर लावलेला पैसा, वाद्यवृंदाची गरज भागवण्यासाठी दिलेला पैसा आणि गरिबाची फी भरण्यासाठी दिलेला पैसा, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. पत्रात तिन्हींना एकच नाव असते आणि सतरा वर्षांचे पोर ते पत्र वाचून आपली लायकी ठरवते. फ्लूटवाली रडते, बासूनवाला फुगतो. दोघांचीही समजूत चुकीची.

या गुंत्यातून कर्टिसनेच एक वाट काढली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १९२४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९२८ पासून कोणाकडूनही फी घ्यायची नाही असे ठरवले. श्रीमंताचा मुलगा असो की मजुराचा, आत आला की शिकवणी फुकट. येल विद्यापीठाच्या संगीत-विभागालाही २००५ साली दहा कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तेथेही फी गेली. श्रीमंताला कशाला फुकट, असे कोणी विचारील. पण यामुळे निवडीच्या वेळी घरची मिळकत आणि हातातला सूर यांचा सौदा करावा लागत नाही, ही केवढी सुटका! मला ही रीत पटते. तिने दार रुंद होत नाही, उलट गर्दी वाढून ते अरुंद वाटते. परंतु आत घेणाऱ्याचे मन स्वच्छ राहते. अर्थात १९५१ साली कर्टिसमध्ये हीच रीत होती.

आपल्याकडे हे सगळे नव्हते, गुरू शिष्याला पाहताच ओळखी, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्या चाचण्या लांब होत्या एवढेच. भीमसेन जोशी १९३३ साली अकरा वर्षांचे असताना गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, गाड्यांतून विनातिकीट हिंडले, आणि अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून पाण्याच्या घागरी भरल्या. ती ऑडिशनच होती, दहा मिनिटांऐवजी काही वर्षांची. तिच्यात टिकण्याची परीक्षा फार उत्तम होत असे. पण अकरा वर्षांची मुलगी अशी गाड्यांतून हिंडू शकली असती काय? किंवा ज्या मुलाच्या कमाईवर घरची चूल पेटते, तो? केसरबाई केरकरांना शिकवायला अल्लादियाखाँसाहेबांनी मोठ्या रकमेची आणि दीर्घ मुदतीची अट घातली होती असे सांगतात, आणि त्यासाठी धनिकाचे पाठबळ लागले. केसरबाई १९२१ पासून खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, १९४६ पर्यंत, शिकल्या, हे त्या अटीचे सोने झाले म्हणायचे. ज्यांच्यामागे शेटजी नव्हता त्यांचे गळे मात्र आपल्या इतिहासात नाहीत. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी होतकरू मुलांना राहण्या-जेवण्यासह शिकवले आणि बदल्यात त्यांच्याकडून वर्षे बांधून घेतली. करार उघड होता आणि त्याला कोणी बक्षीस म्हटले नाही, हे मला विशेष वाटते. पुढे मुंबईची वास्तू कर्जापायी हातची गेली, ही त्या फुकट विद्येची किंमत पलुस्करांनी मोजली.

तेव्हा तयारी ऐकायची की पुढे होणारे ऐकायचे, हा प्रश्न उरतो, आणि कान फक्त झालेलेच ऐकू शकतो. तरी एक युक्ती जाणत्या शिक्षकांना दोन्हीकडे माहीत आहे. आपले उस्ताद एखादी जागा एकदाच घेऊन दाखवीत आणि म्हणत, घे. तेथील काही प्राध्यापकही ऑडिशनमध्ये रचना थांबवून मुलाला सांगतात, ही ओळ जरा सावकाश, हा भार तिसऱ्या सुरावर देऊन वाजव पाहू. आणि मग सुरापेक्षा, सांगितल्यानंतर सुरात काय फरक पडला, ते ऐकतात. पहिल्या वादनात घरचा पैसा ऐकू येतो; या दुसऱ्या वादनात तो बराच कमी होतो, कारण ही गोष्ट कोणालाही आधी शिकवून पाठवता येत नाही. उसन्या वाद्यावरचा मुलगा येथे कधी कधी सगळ्यांच्या पुढे निघून जातो.

पण त्याला वेळ लागतो. एका मुलामागे निदान अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात परीक्षकाला शिकवावे लागते, नुसते बसून भागत नाही. बाहेर व्हरांड्यात पुढचा मुलगा वाद्य जुळवीत उभा असतो, त्याच्यामागे आणखी एक, आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परतणारी त्याची आई बाकावर बसून घड्याळाकडे पाहत असते.