अल्पवयातले पाप कोणाच्या खाती?

कळत्या वयाआधीच्या कृत्याला पाप म्हणायचे का, हा प्रश्न महाभारताच्या आदिपर्वात थेट धर्मदेवतेपुढेच उभा केला आहे. चोरांनी मांडव्य ऋषींच्या आश्रमात लूट दडवली. मौनव्रतामुळे ऋषी काही बोलले नाहीत आणि राजाने त्यांनाही सुळावर चढवले. तपोबलाने ते जगले, पण सुळाचे टोक अंगात राहिले ते राहिलेच. हे कशाचे फळ, असे विचारल्यावर धर्माने लहानपणचा हिशेब काढला: पतंग-किड्यांच्या शेपटीत त्यांनी गवताची काडी खुपसली होती. मांडव्यांचा आक्षेप दुहेरी होता. अपराध एवढासा आणि शिक्षा एवढी. शिवाय करणारे पोर होते. त्यांनी धर्माला शूद्रयोनीत जन्माचा शाप दिला, तोच विदुर, आणि चौदा वर्षांपर्यंत पाप लागणार नाही अशी मर्यादा घातली. अशा जन्माला शिक्षा समजणारी दृष्टी आज टाकाऊच आहे; आक्षेप मात्र बिनतोड आहे.

कर्मफळ अटळ मानणाऱ्याला ही मर्यादा अडचणीची वाटते. तरीही धर्मशास्त्राने ती निराळ्या रूपात स्वीकारली. गौतम धर्मसूत्र उपनयनापूर्वी मुलाला वागण्या-बोलण्या-खाण्यात मोकळीक देते. बौद्धांनी तर चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच कर्म मानले. कृती घडली एवढ्याने भागत नाही, कर्त्याची समज किती होती हेही पाहावे लागते.

अमेरिकी चित्रपटाला 1950 च्या दशकात याच प्रश्नाने गाठले. तेथील निर्मितीसंहिता 1934 पासून कडकपणे लागू होती. पडद्यावरच्या गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटता कामा नये, असा तिचा दंडक होता. तेवढ्यात पोरांच्या टोळ्यांवरचे स्वस्तातले चित्रपट भराभर निघू लागले. 1955 मध्ये सिनेटच्या उपसमितीने चित्रपट आणि बालगुन्हेगारी यांच्या संबंधाची चौकशीही केली. रॉबर्ट ऑल्टमन यांचा पहिला कथापट ‘द डेलिंक्वंट्स’ (1957) याच लाटेतला, कॅन्सस सिटीत अल्प खर्चात चित्रित झालेला. प्रेयसीच्या आईवडिलांनी भेटीगाठी बंद केल्या म्हणून स्कॉटी हा तरुण एका टोळक्याची मदत घेतो आणि त्यांच्या तावडीत सापडतो. त्यांनी त्याला बळजबरीने दारू पाजण्याचा प्रसंग पाहताना दोष एकट्या त्याच्या माथी मारणे अवघड जाते. या चित्रपटाला सुरुवातीस आणि शेवटी निवेदकाचा उपदेश जोडलेला आहे. तो ठिगळासारखा वाटतो, कारण मधली कथा उपदेशापेक्षा प्रामाणिक आहे.

भारतीय कायदा मांडव्यांच्या बाजूने सरकत गेला. मुंबई इलाख्यात 1924 मध्ये बालकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. 1986 च्या कायद्यात मुलांसाठी 16 आणि मुलींसाठी 18 वर्षांची मर्यादा होती. 2000 मध्ये ती दोघांसाठी 18 झाली. समजा, तेल्हाऱ्यासारख्या गावात सतरा वर्षांच्या मुलाने मोटारसायकल चोरली, तर त्याला कोठडीत टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांत एक तरी स्त्री असावी लागते.

दिल्लीत 2012 मध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर मात्र लोकक्षोभ उसळला. आरोपींपैकी एक 18 वर्षांच्या आतला होता. 2015 च्या कायद्याने 16 ते 18 वयातल्यांनी निर्घृण गुन्हा केल्यास त्यांना प्रौढ मानून खटला चालवता येईल, अशी तरतूद केली. त्याआधी मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि प्रसंगाची परिस्थिती मंडळाने तपासायची.

पीडिताची बाजू येथे दुबळी पडते, हा आक्षेप खरा आहे. घाव घालणाऱ्याचे वय कमी म्हणून घाव हलका होत नाही. पण कीर्तनांतून ऐकलेली वाल्या कोळ्याची कथा येथे उलटी लावून पाहावी. नारदाच्या सांगण्यावरून वाल्याने घरच्यांना विचारले, तेव्हा पापाचा वाटा घ्यायला कोणी तयार झाले नाही. प्रौढ वाल्यापुरते ते उत्तर न्याय्य होते. सतरा वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी, शाळेने किंवा गावाने तेच उत्तर दिले, तर ती हात झटकण्याची युक्ती ठरते. समाजाने स्वतःचा वाटा उचलावा, मुलाने त्याचा. दोन्ही हिश्शांनी पीडिताची भरपाई व्हावी. मुलाच्या वाट्याला मर्यादा आहे, हे कायदाही मानतो: प्रौढ म्हणून खटला चालला, तरी 2015 चा कायदा अशा मुलाला फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देऊ देत नाही.